पोथी उघडणारे चाचा

पुस्तक हातात आलं की चाचा आधी त्याचा वास घ्यायचे. मधोमध उघडून त्यात नाक खुपसायचे, डोळे मिटायचे आणि मग निकाल सांगायचे. "बाई, हे उपाशी आहे." म्हणजे ते पुस्तक कुणी वाचलंच नव्हतं. उलट एखादं चिंध्या झालेलं, तेलकट बोटांचे डाग पडलेलं पुस्तक आलं, की चाचा खूश. "वा! हे पोटभर जेवलं!"

चंद्रपूरच्या एका वाचनालयात मी पंचवीसेक वर्षं ग्रंथपाल होते. चाचा आमचे बाइंडर. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं बाहेरूनच बोलावं एवढी जागा. एका बाजूला पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा, दुसऱ्या बाजूला खळीचं पातेलं. खळीत ते मोरचूद घालायचे, म्हणजे कीड लागत नाही. त्या निळसर खळीनं त्यांची बोटं कायम रंगलेली असत.

कामात माणूस सोन्यासारखा, पण वेग विचारू नका. चार दिवसांचं काम महिनाभर. कारण चाचा पुस्तक बांधण्याआधी वाचायचे. हो, चक्क वाचायचे. आमचे चिटणीस माझ्यावर डाफरायचे आणि मी दुकानात जाऊन चाचांवर डाफरायचे. "चाचा, तुम्ही बाइंडर आहात की वर्गणीदार?" त्यावर ते शांतपणे सुईत दोरा ओवत म्हणायचे, "आधी वाचा, मंग टाचा. शिंपी माप घेते का नाई? तसंच आहे हे."

त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. एकदा घाई झाली म्हणून मी काही कादंबऱ्या दुसऱ्याकडे टाकल्या. बांधून आल्या, दिसायला अशा झकास की पाहत राहावं. आठवड्यानं एक वाचक तणतणत आले. त्यांच्या कादंबरीत नायक मेला होता, आणि मेल्यावर तीस पानांनी त्याचं लग्न लागत होतं. चाचांना हे सांगितलं तर हसून हसून त्यांना ठसका लागला. मी आपली गुपचूप सगळी पुस्तकं परत त्यांच्या दुकानी नेऊन टाकली.

पण मी आज लिहायला बसले ती वाचनालयाच्या पुस्तकांसाठी नाही. आमच्या घरच्या पोथीसाठी बसले आहे.

माझं माहेर गोंडपिपरी तालुक्यातलं. गावाची एक हाती लिहिलेली पोथी आहे. कधीकाळी कुणी एक साधू गावात राहिला, त्यानं आमच्याच झाडीच्या बोलीत ती ओव्यांनी लिहिली, असं सांगतात. ती सांभाळायचा मान आमच्या घराचा. लहानपणी मला आठवतं, माघात धानाची मळणी आटोपली की पोथी पालखीतून निघायची आणि मग सात दिवस वाचन व्हायचं. गावात टोल्या, म्हणजे वस्त्या, दोन: वरची आमची आणि खालची, गाव ज्यांना कमी लेखायचं त्यांची. एका वर्षी खालच्या टोलीच्या पोरांनी पालखीला खांदा दिला. वरच्या टोलीनं तो काढायला लावला. हमरीतुमरी झाली, पालखी अर्ध्या रस्त्यात टेकली. त्या दिवशी माझ्या आजोबांनी पोथी घरात नेऊन ठेवली ती ठेवलीच. खालची टोली आमच्या देवळात येईना, वरची टोली त्यांच्या लग्नाला जाईना. वाचन बंद पडलं. राहिली फक्त पूजा.

आणि पूजा म्हणजे काय? दर माघात पोथीला नवं बासन. जुनं काढायचं नाही हं, काढणं म्हणजे अपमान! जुन्यावर नवं, त्यावर आणखी नवं. आजोबांनी गुंडाळली, वडिलांनी गुंडाळली, मग माझ्या मोठ्या भावानं, दादानं गुंडाळली. माझा तर प्रश्नच नव्हता. हजारो पुस्तकांना हात लावून झाला होता माझा, पण बाईमाणूस म्हणून घरच्या पोथीला एकदाही नाही.

एके वर्षी पूजेनंतर दादाचा फोन आला. आवाज पडलेला. "अगं, पोथी उचलली तर खालून माती गळून राह्यली."

दोन दिवसांनी तो एसटीनं चंद्रपूरला आला, रेक्झिनच्या पिशवीत पोथी घेऊन. इकडे तिकडे असा पाहत होता, जणू चोरीचा माल आणलाय. "तुझ्या त्या बाइंडरकडून गुपचूप दुरुस्त करून घे. गावात कोनाले समजलं नाही पायजे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

चाचांनी पोथी आहे हे ऐकताच दुकानाबाहेरच्या नळावर हात धुतले, चूळ भरली, टोपी घातली आणि शिकंज्यावर स्वच्छ पंचा अंथरला. मग बासनं सोडायला लागले. वरचं जरीचं, त्याच्या आतलं लाल, त्याच्या आत हिरवं, मग पिवळं, मग रंगच उडालेलं. सोडताहेत, सोडताहेत, संपतच नाही. शेवटी म्हणाले, "अरे बापरे! एवढे कपडे तर माया लग्नात मलेही नव्हते." मी हसले. दादा हसला नाही.

शेवटचं फडकं हातात तुटून आलं. आत पानं होती, पण शिवण कुजून गेली होती, सगळी सुटी. कोनाड्याच्या भिंतीतून वाळवी शिरली होती आणि तिनं पानांचे कोपरे बरोब्बर खाल्ले होते. मधला मजकूर बराचसा शाबूत होता. नेमके पानांचे आकडे त्या कोपऱ्यांत असत, ते गेले.

चाचांनी ह्या वेळी वासही घेतला नाही. मग हळूच म्हणाले, "भाऊ, हे दुश्मनीनं नाई खराब झालं. हे इज्जतीनं खराब झालं. हवाच नाई लागू दिली तुमी ह्याले."

दादाला ते झोंबलं. "बांधता येते का तेवढं सांगा."

"येते. पन कोनतं पान कोनत्या पानामांगं, हे कोन सांगते? आकडे गेले. वाचते कोन हे?"

"कोनीच नाही वाचत. तुमी बांधा कशीही. कोन उघडून पाहते?"

चाचांनी पंच्याची टोकं पोथीवर हलकेच झाकली. "कशीही नाई बांधत मी. ज्यायनं ऐकलं असंल, अशे म्हतारे असतीलच गावात. मी येतो. शाळेच्या वऱ्हांड्यात बसू. दोन्ही टोल्यायले बलवा, वाचू, अन् लावू."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. वाळवी लागलेली पोथी, तीही खालच्या टोलीसमोर उघडायची! त्यानं पोथी पिशवीत घातली आणि चहाही न घेता निघून गेला. मी चाचांवर उखडले. "जरा गोडीनं सांगता आलं असतं!" ते म्हणाले, "गोडीनंच सांगतलं, बाई. गोड मले एवढंच येते."

आठ दिवसांनी दादाचा फोन. बराच वेळ नुसता खाकरत होता. मग म्हणाला, "मी दार लावून पानं पसरून बसलो होतो. दोन दिवस. एक पान लागलं नाही मले. मान आपल्या घराचा, अन् आपल्यालेच येत नाही! त्या चाचाले इचार, कधी येतील."

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत थांबलो. चाचा पातेलं, शिकंजा, दोरा सगळं घेऊन माझ्यासोबत गावाला आले. शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजी अंथरली. दादानं गावापुढे उभं राहून सगळं सांगितलं. एक जण बोललाच, "सांभाळाचा मान तुमचाच होता ना बे?" दादा मान खाली घालून म्हणाला, "हो. माझ्याच हातची चूक आहे." माझ्या भावाला असं बोलताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आता वाचणार कोण? दादाला ते जुनं वळण लागत नव्हतं. चाचा दोरा ओढत सहज बोलून गेले, "बाई आहे ना. त्यायचं कामच आहे ते." कुजबुज झाली. दादानं माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं पान उचलून माझ्या हातात दिलं. मंडळी, त्या पानाचं वजन मी अजून विसरले नाही.

तेंदूपत्त्याचा हंगाम होता. बाया पहाटे जंगलात जाऊन पानं तोडून आणायच्या आणि दुपारभर पुडे बांधत बसायच्या. त्या वऱ्हांड्याच्या पायरीशी सावलीला बसल्या. ऐकायला कमी, गंमत पाहायलाच जास्त. खालच्या टोलीची बुधामाय सगळ्यांत पुढे. वय किती ते तिलाही माहीत नाही, दात एकही नाही, पण पुडा बांधणारी बोटं अशी चालायची की डोळा ठरू नये.

मी एक पान वाचलं. ओवी अर्ध्यावर तुटली, पान संपलं. पुढचं कुठलं? सगळे म्हातारे डोकं खाजवायला लागले. आणि पायरीवरून, पुडे बांधता बांधता, बुधामायनं पुढची अर्धी ओवी म्हटली. म्हटली म्हणजे गायली. धानाचं रोवणं चालू असताना बाया चिखलात ओणव्या होऊन गातात ना, त्या चालीवर.

चाचा ताडकन उठले. "माय, थांबा! पुन्हा म्हना!"

"काऊन? हे त रोवन्याचं गानं आहे."

"म्हना तं!"

तिनं म्हटलं. चाचांनी पसरलेल्या पानांमधून गुडघ्यांवर सरकत सरकत ते पान शोधलं, ज्याची सुरुवात नेमकी त्या शब्दांनी होत होती. मी वाचलं. बुधामायनं मान डोलावली. मग वरच्या टोलीच्या बायाही बोलायला लागल्या, "अवं, हे त आमीबी म्हनतो!" दोन टोल्यांची शेतं वेगळी, पण गाणी एकच निघाली. चाळीस वर्षं आम्ही पोथीला बासनं गुंडाळत होतो, आणि पोथी आपली खुशाल चिखलात उभी राहून धान रोवत होती!

मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी वऱ्हांडा पुरेना. मी वाचायची, बाया गायच्या, चाचा पान लावायचे. एखादी ओवी माणसं पुन्हा वाचायला लावायची. मोहाच्या झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी त्याची क्षमा मागावी, दारी आलेल्याला जात विचारण्याआधी पाणी विचारावं, असं सगळं त्यात होतं. आम्ही वर्षानुवर्षं त्याला हळदकुंकू वाहत आलो होतो आणि त्यात काय आहे ते विचारलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं पाण्याचं ऐकलं आणि तो उठून सरळ घरी गेला. परत आला तो भरलेला माठ घेऊन, आणि माठ खालच्या टोलीच्या बायांपुढे ठेवला. बाया पाणी प्यायल्या.

काही पानं वाळवीनं पार खाल्ली होती. तिथं चाचांनी कोरी पानं घातली. बुधामायनं सांगितलं, मी लिहिलं. ज्या पोथीला शिवायची मला बंदी, त्या पोथीत आज माझं अक्षर आहे. ह्याबद्दल मी कुणाकुणाचे आभार मानू?

आता खरी गोष्ट सांगते.

नवव्या दिवशी, लोक यायच्या आधी मी खळ ढवळत बसले होते. एव्हाना दादाला ते अक्षर लागायला लागलं होतं. तो राहिलेली पानं चाळत होता. एका पानाशी थांबला आणि थांबूनच राहिला. मग ते पान घेऊन चाचांजवळ आला.

ते शेवटचं पान होतं. साधूनं त्यात लिहिलं होतं की ही पोथी एका घरात ठेवू नका. जो मला उघडून वाचील त्याच्या घरी मी एक वर्ष राहीन, मग पुढच्या घरी. मानाचं घर असं काही नाहीच. आमच्या घरानं ज्याच्या जोरावर पिढ्यान् पिढ्या पहिला टिळा लावून घेतला, ते पोथीतच नव्हतं. आजोबांना ठाऊक असेल का? मला नाही सांगता येत. वाचन बंद केलं ते भांडणामुळं की ह्या पानामुळं, हा विचार मनात येतो आणि मी तो पुढे नेत नाही.

दादा हळू आवाजात म्हणाला, "चाचा, एवढी पानं वाळवीनं खाल्ली. अजून एक खाल्लं असं समजा. कोनाले काय समजते?"

चाचांनी सुई खाली ठेवली. रागावले नाहीत. दादाच्या हातावर आपला निळा हात ठेवला आणि म्हणाले, "वाळवीले वाचता येत नाई, भाऊ. तुमाले येते."

बस्स, एवढंच. पुन्हा सुई उचलली. पान घेतलंही नाही, मागितलंही नाही. ते दादाच्याच हातात राहिलं.

दुपारी लोक जमले. मी वाचायला बसणार तेवढ्यात दादा म्हणाला, "आज मी वाचतो." अडखळत त्यानं ते पान वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत, एक अक्षर न गाळता.

बुधामायनं विचारलं, "मंग पहिलं साल कोनाचं?"

दादा म्हणाला, "तुझं, माय." आणि खाली बसून लहान पोरासारखा रडला. म्हातारी उठली, त्याच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाली, "अरे बाबू, माया झोपडीत कोनाडा नाई नं. बसवून दे एक." रडणारे सगळे हसायला लागले. कोनाडा दादानंच बसवून दिला.

त्या माघात पालखी निघाली तेव्हा खांदे दोन्ही टोल्यांचे होते, पंगत एक होती. गाव काही स्वर्ग झालं नाही. बांधावरून कटकटी आजही होतात, चांगल्या तोंड भरून होतात. पण दर सोमवारी पोथी ज्याच्या घरी असेल तिथं एक पान वाचतात, आणि भांडलेला माणूससुद्धा ऐकायला येऊन बसतो. येऊन बसला की मग निम्मं भांडण तिथंच राहतं.

चाचांनी मात्र ह्याचं श्रेय कधी घेतलं नाही. मी काही बोलायला गेले की म्हणायचे, "मी काय केलं? टाके घातले." पण एकदा चहा पिता पिता स्वतःच बोलले. "बाई, खरं सांगू? माया घरीबी तोच हाल होता. अल्लाचा कलाम आलमारीवर, सगळ्यात उंच, मखमलीच्या गिलाफात. मी लहानपनी तोंडपाठ केला. पन तो मले काय म्हनून राह्यला, हे मी कधी विचारलंच नाई. तुमच्या गावाहून आलो, अन् पयले तो खाली काढला."

मशिदीतल्या मौलवींना गाठून ते दर जुम्म्याला एका पानाचा अर्थ समजून घ्यायला लागले. हळूहळू गल्लीतले आणखी चारपाच जण येऊ लागले, टायरवाला, शिंपी, कुणाकुणाचे म्हातारे. दुकानात मावत नसत म्हणून पायरीवर बसत. एका शुक्रवारी नातं जोडून ठेवण्याबद्दलचं पान निघालं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद. मी दचकले, कारण चाचांचं दुकान कधी बंद नसे. मागून कळलं, माजरीला कोळशाच्या खाणीत त्यांचा धाकटा भाऊ होता. अकरा वर्षं बोलणं नव्हतं. चाचा पहिल्या बसनं त्याच्या दारात जाऊन उभे राहिले होते. "काय बोललात?" मी विचारलं. "काई नाई. तो म्हने, काऊन आले? मी म्हनलं, वाचलं म्हनून आलो."

गेल्या दिवाळीच्या आधी चाचा गेले. दुपारी जेवले, आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मी गेले तेव्हा माजरीचा भाऊ दारातच बसला होता, हमसून हमसून रडत. मी दुकानापर्यंत जाऊन आले. शिकंज्यात एक पुस्तक तसंच दाबलेलं होतं.

माघात गावी वाचन झालं. शेवटचं पान वाचून झालं आणि यंदाचं घर ठरवायची वेळ आली. दादा उभा राहिला आणि त्यानं चाचांचं घर सांगितलं. दोघातिघांनी माना हलवल्या. "पन ते घर चंद्रपूरले आहे. अन् ते त..." पुढचं त्यांनी गिळलं. दादा म्हणाला, "पानात गावाचं नाव नाही, अन् दुसरंही काही लिहिलं नाही. जो मला उघडून वाचील त्याचं घर, एवढंच आहे. आपल्या सगळ्यायच्या आधी कोनं उघडली?" बुधामाय आता ऐकूही कमी येतं म्हणते, पण हे तिनं ऐकलं आणि "जाऊ दे, जाऊ दे, जाऊ दे" असं तीनदा म्हणाली.

पोथी आम्ही एसटीनंच नेली. एकच बासन होतं, धुतलेलं, सुती. स्टँडपासून त्या गल्लीपर्यंत दादानं ती डोक्यावर घेतली. रिक्षा कर म्हटलं तर माझ्यावर वसकन ओरडला. गल्लीतली माणसं दुकानांतून बाहेर येऊन पाहत होती. चाचांच्या घराचं दार उघडंच होतं. चाचांच्या पत्नी, भाभी, ओट्यावर आल्या, दुपट्टा सावरत. त्यांना आम्ही येणार हेही ठाऊक नव्हतं.

"हे काय आनलं, भाऊ?"

दादानं पोथी डोक्यावरून उतरवली आणि दोन्ही हातांवर त्यांच्यापुढे धरली.

"पोथी आहे, भाभी. यंदाचा मान ह्या घराचा."

मी त्याच्या मागे उभी होते. गल्ली पाहत होती, आणि मी खुशाल रडले.